खुर्चीएवढी जागा

१ डिसेंबर २०१८ रोजी लिब्राडा आबेयता यांनी जवळच्या एस्पान्योला शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानातून ३१ डॉलर ६२ सेंट देऊन एक लोखंडी कडी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मी, त्यांच्या समोर राहणारा, ती कडी त्यांच्या पुढच्या दाराला बसवून दिली. जुन्या कडीत काही बिघाड दिसत नव्हता.

"मग ही नवी कशाला?" मी विचारलं.

"जुनी वाजत नाही नीट. बाहेर ऐकू गेली पाहिजे. दार बंद झालं हे माणसाला कळायला नको?"

आमच्या आलामितोस गावात नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी आम्ही मरिया आणि योसेफ यांच्या लाकडी मूर्ती घेऊन दारोदार जागा मागत फिरतो. रोज एक गल्ली. कोणत्या गल्लीचा कोणता दिवस हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतं. प्रत्येक गल्लीत दोन घरं नाही म्हणतात, तिसरं घर दार उघडतं आणि सगळ्यांना जेवू घालतं. बाहेरचे गाण्यात जागा मागतात, आतले गाण्यात नाकारतात. गाणं झालं की आतल्याने पदरचं काही बोचरं बोलावं अशी आमच्या गावची रीत आहे. आमच्या गल्लीत पहिलं नाही म्हणणारं घर लिब्राडाबाईंचं. हे काम त्यांच्याकडे पस्तीसेक वर्षं होतं, आणि केवळ त्यांचं 'नाही' ऐकायला पलीकडच्या गल्लीतली माणसं थंडीत कुडकुडत येत. एका वर्षी त्या आतून ओरडल्या होत्या, "सुतार म्हणवतोस, मग स्वतःचं घर नाही का बांधता येत?" त्या दिवशी योसेफाची मूर्ती धरलेला फाकुंदो गुरुले खरोखरच सुतार होता आणि त्याचं घर बरीच वर्षं छताविना उभं होतं. आठवडाभर तो त्यांच्याशी बोलला नाही. वसंतात त्याने छत घातलं.

जागा देणारं घर मात्र त्या कधी झाल्या नाहीत. तसं कोणी सुचवलंही नाही.

त्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होत्या. मी त्याच शाळाखात्यात हिशेब पाहतो, अजून दीड वर्ष पाहीन. त्यांच्या कांद्या-मिरचीची बिलं माझ्या टेबलावरून जात. बिलात कधी चूक निघाली नाही. मुलांना वाढताना हात सैल, बोलताना नाही. दुसऱ्यांदा मागायला आलेल्या मुलाला त्या म्हणत, "काल उपास होता का रे घरी?" आणि वाढत. लग्न एकदा ठरलं होतं, ते का मोडलं हे गावात तीन प्रकारे सांगितलं जातं. वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली, तिचं सहा वर्षं त्यांनी एकटीने केलं. आई गेल्यावर आईचं सगळं सामान मागच्या खोलीत गेलं, आणि हळूहळू स्वतःचंही.

त्यांना धाकटा भाऊ एकच, ओनोफ्रे. तरुणपणीच तो कोलोराडोत पोलादाच्या कारखान्यात गेला. आईच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी तो गावात पोचला. पुढच्या वर्षी त्याने आपल्या वाट्याची सफरचंदाची बाग कोणा बाहेरगावच्या दंतवैद्याला विकली. बहिणीला विचारलं नाही, कळवलंही नाही. दंतवैद्याने तिथे कुंपण घातलं. तोपर्यंत बाईंच्या भाजीच्या वाफ्यांना पाटाचं पाणी बागेतून सरळ येत असे. आता त्यांना पाणी घ्यायला कुंपणाला वळसा घालून जावं लागे, आणि पाण्याची पाळी पहाटे असली की हातात कंदील. त्या दिवसापासून त्यांनी भावाचं नाव घेतलं नाही. अगदीच वेळ आली तर "तो कोलोराडोचा" एवढंच म्हणत.

आमचे फादर थांग तेव्हा गावात नवे होते. जन्म व्हिएतनामचा, वय चौतिशीचं, आमची भाषा शिकून आलेले आणि ती आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्यांनी प्रवचनात एक काम सांगितलं. प्रत्येक घराने एका खुर्चीएवढी जागा रिकामी करायची आणि नाताळपर्यंत ती रिकामीच ठेवायची. फुलं नकोत, मेणबत्ती नको, काही मांडायचं नाही. घरात येता-जाता ती जागा डोळ्यांना टोचली पाहिजे, म्हणजे कोणाची वाट पाहतोय हे विसरायला होत नाही. माझ्या बायकोने, नेस्तोराने, शिवणाचं मशीन हलवून तेवढी जागा केली. दुसऱ्याच दिवशी मी तिथे बूट काढून ठेवले आणि बोलणी खाल्ली.

दुसऱ्या रविवारी फादरांनी चर्चच्या दारात लिब्राडाबाईंना गाठलं. "तुमच्याकडे झाली का जागा?"

"नाही झाली."

"एक खुर्ची फक्त, बाई."

"फादर, माझ्याकडे बसायच्या खुर्चीवरसुद्धा मिरचीचं पोतं आहे. देव आला तर उभा राहील. तरुण आहे तो, त्याला काय होतंय."

"मागच्या खोलीत?"

"मागच्या खोलीचं कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायऱ्या उतरलो.

चिठ्ठ्यांमध्ये आमच्या गल्लीला पहिलाच दिवस आला, सोळा डिसेंबर. मिरवणूक सहाला निघायची होती. पुढे जे झालं ते मला दोन्ही बाजूंकडून नंतर कळलं, पण क्रमाने सांगतो.

सहाला थोडा वेळ असताना बाई आत तयार होत्या. काळी शाल, पायांत लोकरी मोजे, दाराशी स्टूल. थंडीमुळे खिडकीला घोंगडी टांगलेली. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्याखाली वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचा डावा कान मंद झालेला आहे, म्हणून त्या उजवा कान दाराकडे करून बसल्या होत्या. दारावर थाप पडली. बाहेरून पुरुषाचा घोगरा आवाज आला, "अगं, दार उघड. आज रात्रीपुरती जागा दे."

त्यांना वाटलं, या वर्षी गाणं गाळून सरळ बोलण्यावर आले. मुलांना थंडी लागते म्हणून फादरांनी काहीतरी छाटलेलं असणार. पण त्या काही गाळणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी नाकारण्याचं कडवं पूर्ण म्हटलं, मग पदरचं सुरू केलं.

"अंधार पडल्यावर दार ठोठावणारा माणूस सरळ असेल हे कशावरून? पुढे हो. इथे जागा नाही."

बाहेरचा काही बोलला. भिंत मातीच्या विटांची, हातभर जाड. शब्द कळले नाहीत.

"थांब, माझ्या कोंबड्यांना विचारते," त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या. "त्याही नाही म्हणतात." आणि नवी कडी खाडकन सरकवली.

बाहेर कोणी हसलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं. कोंबड्यांचं त्यांनी खास राखून ठेवलं होतं.

सहानंतर आम्ही सगळे पोचलो. मीही होतो. आम्ही गायलो, तर आतून आवाज आला, "एकदा सांगून कळत नाही? दोन-दोनदा काय येता!" लोक पोट धरून हसले. त्यांनी कोंबड्या पुन्हा काढल्या, कडी पुन्हा वाजवली. आम्ही पुढे गेलो, गुरुलेंच्या घरी जागा मिळाली, मका-मांसाच्या रश्श्याच्या, पोसोलेच्या, वाट्या फिरल्या. बाईही शाल सारखी करत मागून जेवायला आल्या. वाटी हातात घेऊन त्यांनी फाकुंदोला विचारलं, "पहिल्या खेपेला एकटाच का आलास रे?"

"कुठल्या पहिल्या खेपेला?"

"आता वात्रटपणा नको. जागा माग म्हणून कोणी पाठवलं होतं तुला आधी?"

"मी चर्चमधून या लोकांबरोबर आलोय, लिब्राडाबाई. फादरांना विचारा."

फादरांनी होकाराची मान हलवली. कोणीतरी म्हणालं, खरा योसेफच आला असेल. पुन्हा हशा झाला. बाई हसल्या नाहीत, पण जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेस्तोरा पेट्रोल पंपावरच्या दुकानातून अंडी घेऊन आली आणि कोट न काढताच माझ्यासमोर बसली.

"ओनोफ्रे आलाय."

"कोण ओनोफ्रे?"

"किती ओनोफ्रे माहीत आहेत तुम्हाला? पंपावर कॉफी पीत होता. कारखान्याने काढलं, गुडघा गेला, भाड्याचं घर मालकिणीने विकलं. काल बहिणीकडे आला. म्हणतो, माझी गाडी बरोब्बर तिच्या खिडकीसमोर उभी, मला बघितलं, आणि बघून वर देवाचं गाणं म्हणून हाकललं. कोंबड्यांना विचारते म्हणाली. वर कडी घातली. सगळ्या पंपाला सांगत होता."

"तिने बघितलं नसणार. खिडकीला घोंगडी होती."

"ते मला माहीत आहे. पंपाला कुठे माहीत आहे?"

संध्याकाळपर्यंत गाव दोन भागांत वाटलं गेलं. काहींच्या मते बाईंनी चांगलं केलं, बाग विकणाऱ्याला असंच हवं. काहींच्या मते माणसाचं काळीज इतकं टणक नसावं, तेही आगमनकाळात. चूक झाली असेल असं कोणाला वाटलं नाही, कारण बाई चुकत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. समोर राहणारा मीच. त्या बिस्कोचितोंचं, नाताळच्या बिस्किटांचं, पीठ मळत होत्या. मी सांगत असताना त्यांचे हात चालूच होते.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मी निघालो. दारापर्यंत पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मेलितोन, मी त्याला हाकललंच असतं."

"असेल."

"असेल नाही. हाकललं असतं. तोंडावर. बागेचं, पाटाचं, आईचं सगळं बोलून. पण मी त्याला हाकललं नाही रे. मी योसेफाला हाकलत होते." त्यांनी पिठाचा गोळा ताटात ठेवला. "त्याला वाटतंय मी देवाच्या गाण्याआड लपून त्याचा सूड घेतला. तेवढी हलकी नाही मी."

"मग?"

"मग काय? गाडी काढ उद्या सकाळी."

ओनोफ्रे हमरस्त्यावरच्या बंद फळांच्या टपरीमागे होता. त्याच्या ट्रकच्या मागच्या भागावर पत्र्याचं आच्छादन होतं, त्यात तो झोपत असे. रात्री पारा शून्याखाली अकरा अंशांपर्यंत गेला होता आणि आच्छादनाच्या काचेवर आतून त्याच्या श्वासाचा बर्फ धरला होता. बाईंनी सोबत काही घेतलं नव्हतं. मी वाटेत म्हटलं होतं, थोडं पोसोले तरी घ्यायचं, तर म्हणाल्या, जेवण घेऊन गेलं की माफी मागायला आल्यासारखं दिसतं.

त्यांनी पत्र्यावर थाप मारली. "ओनोफ्रे. मी आहे."

आतून आवाज आला नाही. मग खोकला. मग, "जागा नाही."

"चाळे पुरेत. बाहेर ये."

"अंधारात दार ठोठावणारी बाई सरळ असेल हे कशावरून?"

"सकाळचे नऊ वाजलेत, मेल्या."

"थांब, कोंबड्यांना विचारतो." जरा वेळ गेला. "कोंबड्या नाहीत माझ्याकडे. पण असत्या तर नाही म्हणाल्या असत्या."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्या लगेच पुन्हा पत्र्याकडे वळल्या आणि मोठ्याने, शाळेच्या भोजनगृहात बोलत तशा, बोलू लागल्या.

"ऐक. परवा मी तुला बघितलं नाही. खिडकीला घोंगडी होती. मला वाटलं मिरवणूक आली. तू आहेस हे कळलं असतं तर मी दार उघडून, तुझं तोंड बघून तुला घालवलं असतं. ते करायचं राहिलं, म्हणून आलेय."

आतलं हलणं थांबलं. मग मागचं झाकण वर झालं. ओनोफ्रे बसूनच होता, दोन कोट घालून, दाढी पांढरी. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा ती काळी होती.

"घालव मग," तो म्हणाला.

त्यांनी घालवलं. मी रस्त्याकडे जाऊन उभा राहिलो, तरी सगळं ऐकू येत होतं. कुंपण, पहाटेची पाळी, कंदील. आईला कुशीवर वळवताना माणूस कमी पडायचा ते. दफन. तो मधूनच म्हणाला, "सहा वर्षं आईचं केलंस हे गावभर ऐकलंय मी, ताई."

"तुला नव्हतं ऐकवलं ना? आता ऐक." शेवटी त्यांनी विचारलं, "आणि त्या बागेचे पैसे कुठे गेले?"

"अर्धे प्यायलो. अर्ध्यांत हा ट्रक घेतला." त्याने पत्र्यावर टिचकी मारली. "आता ट्रकमध्येच राहतो. म्हणजे अर्धी बाग अजून आपल्यातच आहे."

बाईंनी ट्रकवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "पितोस अजून?"

"चार वर्षं झाली सोडून."

"खरं?"

"गुडघ्याला विचार."

"मागची खोली भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "रिकामी झाली तर झाली."

"मी येत नाही," ओनोफ्रे म्हणाला. "गावाला तमाशा मिळाला एकदा, पुरे." आणि झाकण खाली घेतलं.

आम्ही परत निघालो. चर्च दिसू लागल्यावर म्हणाल्या, "फादरने खुर्चीएवढी म्हटलं होतं. याला खाटेएवढी लागणार. आधी सांगायला हवं होतं त्यांनी."

तो येणार नाही म्हणाला होता, तरी त्यांनी खोली रिकामी करायला घेतली. मी, फाकुंदो आणि संध्याकाळी मिरवणूक आटोपल्यावर फादर, असे तिघे हाताला होतो. त्या खोलीत आईचा हातमाग होता, शाळेने टाकून दिलेल्या पत्र्याच्या थाळ्या होत्या, लोकरीची गाठोडी, कॉफीचे रिकामे डबे, एक सायकल, मिरच्यांच्या वाळून चुरा झालेल्या माळा. प्रत्येक वस्तूवर वाद.

"हे डबे कशाला ठेवलेत?" फादर विचारत.

"झाकणं चांगली आहेत."

"डब्यांत काय आहे?"

"झाकणं."

हातमाग गुरुलेंच्या सुनेला गेला. थाळ्या चर्चच्या सभागृहात गेल्या. गाठोडी उघडली तेव्हा लोकर निम्मी कसरीने खाल्लेली निघाली, ती बाईंनी स्वतः नेऊन जाळली आणि परत येऊन बराच वेळ पाणी पीत राहिल्या. आईची खाट मध्येच उभी होती. तिच्यावर आई गेल्यापासून कोणी झोपलं नव्हतं, फक्त वस्तू रचल्या होत्या. गादी उंदरांनी पोखरलेली होती. ती फाकुंदोने दाराबाहेर काढली, आणि बाई खाटेच्या उघड्या फळ्यांकडे बघत राहिल्या.

शेवटी उरला फ्रीझर. मोठा, आडवा, बर्‍याच वर्षांपूर्वी बंद पडलेला. भिंतीजवळची निम्मी जागा त्याने खाल्ली होती, आणि तो हलल्याशिवाय खाटेभोवती माणूस फिरू शकत नव्हता. आम्ही तो ओढत दारापर्यंत आणला तेव्हा लक्षात आलं की तो दारातून जाणार नाही. फ्रीझर आधी आला होता, दाराची चौकट नंतर बसली होती. चौकट बाईंच्या वडिलांनी स्वतः रंधून, कोरून बसवलेली, आणि ती बसवताना घरातल्या कोणालाही ही गोष्ट सुचली नव्हती.

"एका बाजूचा खांब कापला की झालं," फाकुंदो म्हणाला. "करवत आणलीय."

"थांब."

"नंतर नवी बसवून देतो, बाई. फुकट."

"प्रश्न पैशाचा नाही. चौकट बापाची आहे." त्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. "घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. बागेची वाटणी झाली, घराची झाली नाही. त्याने मला न विचारता बाग विकली. मी त्याला न विचारता चौकट कापू?"

फाकुंदोने करवत खाली ठेवली. हा शुक्रवार होता. रात्री बर्फ पडेल असं रेडिओवर सांगत होते.

फादर थांग कोट घालू लागले. "मी विचारून येतो."

"एवढंच विचारा," बाई म्हणाल्या. "चौकट कापायला तुझी हरकत आहे का. हो किंवा नाही. दुसरं काही बोलू नका. ये म्हणू नका. मी बोलावलंय असं तर मुळीच नको."

"देवाबद्दल?"

"त्याला ते माहीत आहे."

फादर गेले. आम्ही फ्रीझरवर बसून कॉफी प्यायलो. बाई बसल्या नाहीत. मळलेलं पीठ काढून त्यांनी बिस्कोचितो लाटायला घेतले, साखर-दालचिनीत घोळवायला विसरल्या, पुन्हा काढून घोळवले. तास होत आला तेव्हा बाहेर गाड्यांचे दोन आवाज ऐकू आले. एक फादरांच्या गाडीचा. दुसरा ट्रकचा.

ओनोफ्रे काठी टेकत आत आला. दारात थांबून त्याने नव्या कडीकडे पाहिलं, पण त्याबद्दल काही बोलला नाही.

"मी राहायला आलो नाही," तो म्हणाला. "चौकट बघायला आलोय. अर्धी माझी आहे."

"बघ," बाई म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणतेय."

तो मागे गेला. चौकटीवरून हात फिरवला, वर बापाने कोरलेल्या वेलीवर बोट ठेवलं. फ्रीझरकडे पाहिलं. मग हसू लागला, आणि गुडघा धरून हसतच राहिला. "बाबांनी याला आत कोंडलं? आणि कोणाला कळलं नाही?"

"तू इथे नव्हतास," बाई म्हणाल्या. "असतास तर तुलाही कळलं नसतं."

"खरंय." त्याने फाकुंदोची करवत उचलली. "डावा खांब माझा. उजवा तुझा. माझा कापतो."

"नीट काप. वेलीला लावू नकोस."

"शिकवू नकोस, ताई."

त्याने कापला. गुडघ्यामुळे दोनदा बसावं लागलं, तरी फाकुंदोला करवत दिली नाही. आम्ही तिघांनी मिळून फ्रीझर बाहेर अंगणात काढला. परत आलो तेव्हा ओनोफ्रे रिकाम्या खोलीत, उघड्या फळ्यांच्या खाटेवर बसलेला होता. बाई दारात होत्या, म्हणजे जिथे दार असायचं तिथे.

"मी खालीच झोपेन," तो म्हणाला. "आईची खाट आहे."

"खाट रिकामी ठेवून खाली झोपणार? मग एवढा उपद्व्याप कोणासाठी केला आम्ही?"

"देवासाठी, फादर म्हणाले."

"देवाचा गुडघा दुखत नाही." त्यांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली, खिडकीचीच काढून आणलेली. "आज असाच झोप. उद्या गादी बघू."

तो राहिला. रात्री सांगितल्यापेक्षा जास्त बर्फ पडला. सकाळी ट्रकवर मांडीभर थर होता.

नाताळच्या प्रवचनात फादर थांग या घराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी त्यांना आधीच दम दिला होता, मला प्रवचनात घातलंत तर बिस्कोचितो बंद. गावाने मात्र गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितली. दोघं गळ्यात गळा घालून रडली, असं आता एस्पान्योलापर्यंत सांगतात. मी तिथे होतो. कोणी रडलं नाही. बाईंनी बाग विकल्याचं माफ केलं असंही कोणी म्हणू नये. दरवर्षी पाण्याची पाळी आली की त्या ते काढतात, आणि ओनोफ्रे कंदील घेऊन कुंपणाला वळसा घालून जातो, कारण पाणी आता तोच सोडतो. जाताना दंतवैद्याच्या कुंपणाला काठीने एक तडाखा देतो. दंतवैद्य उन्हाळ्यातच येतात, त्यांना हे माहीत नाही.

मागच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. फाकुंदो दोनदा चौकट बसवायला आला, दोन्ही वेळा कोणत्या लाकडाची यावर बहीण-भावाचं जुळलं नाही. एकदा मी बाईंना विचारलं की आता जागा झालीच आहे, तर एखाद्या वर्षी जागा देणारं घर व्हाल का. त्या म्हणाल्या, "एक आहे तेवढा बास आहे. तो दोन माणसांचं खातो."

गादी २२ डिसेंबरला घेतली. किंमत १३८ डॉलर. अर्धे बाईंनी भरायचे, अर्धे ओनोफ्रेने, असं ठरलं होतं. त्याने जानेवारीत चाळीस दिले, पेन्शन सुरू झाल्यावर आणखी वीस. त्याच्याकडून नऊ डॉलर येणं बाकी आहे.